क्लोझे ‘उशिरा’ आला म्हणजे नेमकं काय झालं?

सातारा जिल्ह्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, फुटबॉलमधला स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारा. दोन अकादम्यांच्या निवड चाचणीतून रिकाम्या हाताने परत आला. एका ठिकाणी तर तोंडावर सांगितलं, ‘वय गेलं’. वडील त्याला जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोझेचं उदाहरण देतात: विशीपर्यंत गावच्या क्लबात खेळणारा, सुतारकाम शिकलेला पोरगा पुढे विश्वचषकात सोळा गोल करून गेला. त्यावर मुलाचं उत्तर, ‘तो नशीबवान होता हो बाबा. गोलसमोर उभा राहायचा आणि आयता आलेला चेंडू आत ढकलायचा.’ दोघांत बरोबर कोण?

दोघंही नाही. आणि राग मानू नका, पण मुलापेक्षा तुमचं जास्त चुकतंय.

मी कोल्हापूरचा. पेठेच्या संघातून स्ट्रायकर म्हणून खेळलो, गुडघा गेला तेव्हा शिट्टी गळ्यात घालून प्रशिक्षक झालो, त्यालाही आता पंचवीस वर्षं होतील. क्लोझेचे सामने मी चाहता म्हणून कमी आणि धंद्याची गोष्ट म्हणून जास्त पाहिलेत, एकेक गोल दहा-दहा वेळा मागे-पुढे करून. (आपल्याकडे वर्तमानपत्रं ‘क्लोस’ छापतात. जर्मन लोक ‘क्लोझे’च्या जवळचं काहीतरी म्हणतात. मी तसंच लिहितोय.)

आधी तुमच्या सुताराबद्दल. गोष्ट खरी आहे, पण तुम्ही तिचा अर्धाच भाग मुलाला सांगता. क्लोझेचा जन्म ९ जून १९७८चा, पोलंडमधल्या ओपोले गावचा. वडील योसेफ व्यावसायिक फुटबॉलपटू, फ्रान्समधल्या ऑक्झेर क्लबाकडूनही खेळलेले. आई बार्बरा पोलंडच्या राष्ट्रीय हँडबॉल संघातली. म्हणजे घरात दोन दोन खेळाडू. मूल कसं वाढवायचं, काय खायला घालायचं, किती वाजता झोपवायचं, सामना हरल्यावर त्याला काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही, हे जाणणारं घर. ‘सुताराचा पोर’ अशी गोष्ट सांगितली की ही बाजू झाकली जाते. तो सुताराचा पोर नव्हता. खेळाडूंच्या पोटी आलेला आणि पोटापाण्यासाठी सुतारकाम शिकलेला पोर होता.

तो आठेक वर्षांचा असताना कुटुंब पश्चिम जर्मनीत कुझेल या छोट्या गावी आलं. त्याला जर्मन येत नव्हतं, दोन शब्द येत होते म्हणतात, ‘हो’ आणि ‘धन्यवाद’. शाळेत खालच्या वर्गात बसवलं. मैदानावर मात्र भाषा लागत नाही, त्यामुळे तिथे जमलं. पुढे गावाजवळच्या ब्लाउबाख-डीडेलकोप्फ या क्लबाकडून तो विशीपर्यंत खेळत राहिला. जर्मन फुटबॉलच्या उतरंडीत हा क्लब सातव्या पायरीवर. दिवसा छपरांच्या तुळया बसवायच्या, संध्याकाळी सराव. १९९८ मध्ये होम्बुर्ग, १९९९ मध्ये कायझर्सलाउटर्नचा दुसरा संघ, आणि एप्रिल २००० मध्ये त्याच क्लबाच्या मुख्य संघातून बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, पहिला सामना. बावीस पूर्ण व्हायला दोन महिने होते.

आता इथे थांबा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

तुम्ही मुलाला सांगता, ‘बघ, तो उशिरा आला तरी मोठा झाला.’ पण उशिरा आला म्हणजे काय? उशिरा दिसला. खेळायला तो कधीच उशिरा लागला नव्हता. सातव्या पायरीवरचा तो क्लब म्हणजे आपल्याकडे सुट्टीत भरवतात ती नाइट टुर्नामेंट नव्हे. तिथे पूर्ण हंगामभर लीग असते, एक रविवार घरच्या मैदानावर, दुसरा परगावी. समोर मोठी माणसं असतात, कुणी कारखान्यात काम करणारा, कुणी पूर्वी वरच्या पायरीवर खेळलेला पस्तिशीतला स्टॉपर (गोलसमोरचा बचावपटू), जो पोरग्याला पहिल्या पाच मिनिटांतच कोपर दाखवतो. आणि ती पायरी वरच्या पायरीला जोडलेली असते. संघ जिंकला तर वर चढतो. तुम्ही गोल करत राहिलात तर दोन पायऱ्या वरच्या क्लबाचा माणूस कधीतरी कुंपणाला टेकून सामना बघायला येतोच. मोठ्या क्लबांचे दुसरे संघही याच उतरंडीतल्या लीगमध्ये मोठ्यांशी खेळतात. क्लोझे कायझर्सलाउटर्नच्या दुसऱ्या संघात गेला म्हणजे बाकावर बसायला गेला नाही. तिथेही दर आठवड्याला सामना होताच.

म्हणजे अकादमीशिवाय त्याने काय केलं? सामने खेळला. सोळाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत हंगामामागून हंगाम. तुमच्या मुलाला विचारा, गेल्या वर्षी नव्वद मिनिटांचे किती सामने खेळलास? माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर बहुतेक वेळा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपतं. सराव रोज, सामना महिन्यातून एखादा. स्ट्रायकरचं पोट सरावाने भरत नाही. बचावाचं काम सरावात बरंचसं शिकवता येतं. गोल करायचं काम सामन्यातच शिकावं लागतं, कारण सरावातला स्टॉपर तुमचा मित्र असतो.

आपल्याकडचा वर जायचा मार्ग सध्या तरी बराचसा क्रीडा प्रबोधिनी आणि अकादम्यांमधून जातो, हेही मान्य करायला हवं. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, तो काही तालमीच्या मैदानातून थेट उडी मारून गेला नाही. त्यामुळे ‘क्लोझेला जमलं म्हणून तुलाही जमेल’ हे वाक्य मी कुठल्याही पोराला म्हणणार नाही. त्याच्या पायाखाली जी शिडी होती ती आपल्याकडे अजून मधल्या दोन-तीन पायऱ्या गाळूनच उभी आहे.

असो. आता मुलाकडे वळू. ‘आयता चेंडू ढकलायचा.’

या आरोपातलं जे खरं आहे ते आधी देऊन टाकतो. क्लोझेचे विश्वचषकातले सोळाच्या सोळा गोल डीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी चौकोनाच्या) आतून आलेत. एकही लांबून मारलेला नाही, एकही चौघांना चकवून केलेला नाही. पण त्यात एकही पेनल्टीही नाही, हे मुलाला विसरू देऊ नका. सात हेडर, नऊ पायाने. सोळापैकी अकरा गोल तुलनेने हलक्या संघांवर: सौदी अरेबियाविरुद्ध तीन, कोस्टारिका आणि इक्वेडोरविरुद्ध दोन-दोन, कॅमेरून, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, घाना यांच्याविरुद्ध एकेक. उरलेले पाच: अर्जेंटिनाविरुद्ध तीन, इंग्लंड आणि ब्राझीलविरुद्ध एकेक. दोन अंतिम सामने खेळला, २००२ आणि २०१४, दोन्हींत गोल नाही. सोळा गोलांना चोवीस सामने लागले. जर्मनीच्याच गेर्ड म्युलरने तेरा सामन्यांत चौदा केले होते, फ्रान्सच्या ज्युस्त फोंतेनने १९५८च्या एकाच स्पर्धेत, सहा सामन्यांत तेरा. रोनाल्डोने, म्हणजे ब्राझीलच्या, एकोणीस सामन्यांत पंधरा. तेव्हा ‘सर्वांत जास्त गोल म्हणून सर्वांत मोठा स्ट्रायकर’ असं मीही म्हणत नाही. माझ्या यादीत रोनाल्डो वर आहे, म्युलरही वर आहे. शिकवायचं झालं तर मात्र मी पोरांना क्लोझेच दाखवतो. रोनाल्डोसारखं पळणं मला शिकवता येत नाही, कुणालाच येत नाही. क्लोझेचं काम शिकवता येतं.

२७ जून २०१०, ब्लूमफाँटेन, इंग्लंडविरुद्ध. विसाव्या मिनिटाला जर्मनीचा गोलकीपर नॉयर गोल किक घेतो. लांब, थेट मधल्या रेषेच्या पलीकडे. एवढ्या लांबच्या चेंडूवर सहसा काय होतं? दोघं उड्या मारतात, चेंडू कुणाच्या तरी डोक्याला लागून भलतीकडे जातो. इथे इंग्लंडचा एक स्टॉपर, टेरी, पुढे सरकलेला आणि दुसरा, अपसन, मागे एकटा. चेंडू हवेत असताना क्लोझे चेंडूकडे धावलाच नाही. तो चेंडू टप्पा घेऊन जिथे पोचणार त्या जागेकडे गेला, आणि जाताना अपसनच्या आणि त्या जागेच्या मधे स्वतःचं अंग घातलं. पुढचं सगळं धक्काबुक्कीचं. अपसन ओढतोय, गोलकीपर जेम्स पुढे येतोय, आणि क्लोझे घसरत बुटाचं टोक लावतो. बघायला कुरूप गोल आहे. माझ्या पोरांना मी तो पुन्हा पुन्हा दाखवतो. शिवाय नियमाची एक गोष्ट त्यात दडलीय, जी आपल्याकडच्या निम्म्या स्ट्रायकरना माहीत नसते: गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. तेव्हा गोल किकच्या वेळी मधल्या रेषेपाशी पाठ करून उभं राहायचं काही कारण नाही. स्टॉपरच्या पाठीमागेही उभं राहता येतं.

आणि तो सोळावा. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोंते, ब्राझीलविरुद्धचा उपांत्य सामना, तेविसावं मिनिट. या सामन्यात जर्मनी ७-१ जिंकली म्हणून सगळ्यांना सगळा सामना एका ढिगासारखा आठवतो, पण त्या क्षणी धावफलक १-० होता आणि ब्राझील पूर्ण जिवंत होता. क्रूसकडून चेंडू डीमध्ये म्युलरकडे येतो (हा थॉमस म्युलर, गेर्ड नव्हे), म्युलर तो हलकेच क्लोझेच्या वाटेवर सोडतो. क्लोझे मारतो, ब्राझीलचा गोलकीपर ज्युलिओ सेझार अडवतो. चेंडू परत येतो, क्लोझे दुसऱ्यांदा मारतो, गोल.

तुमचा मुलगा म्हणेल, बघा, चेंडू आयताच परत आला. बरोबर. आता त्याला त्या पहिल्या फटक्यानंतरचं अर्धं सेकंद दाखवा. पहिला फटका अडवला गेल्यावर बहुतेक स्ट्रायकर काय करतात? डोक्याला हात लावतात. निदान मान वर करतात, नाहीतर फटक्याच्या जोराने एका बाजूला कलंडतात. मीही तेच करायचो. क्लोझेचं अंग पहिल्या फटक्यानंतर पुढेच चाललेलं आहे. त्याच्या लेखी तो फटका संपलेलाच नाही. गोलकीपर अजून जमिनीवर असताना हा दुसऱ्या फटक्याला तयार आहे. पहिला फटका त्याने गोल होईल म्हणून मारला, आणि होणार नाही असं धरूनही मारला. ही सवय आहे आणि ती लावता येते. आमच्याकडे नियमच आहे: सरावात फटका मारल्यावर गोलच्या दिशेने आणखी तीन पावलं टाकायचीच, चेंडू जाळीत गेला असला तरी. पोरं कुरकुर करतात, सुरुवातीला हसतातही. महिन्याभरात ती पावलं आपोआप पडायला लागतात.

रोनाल्डो त्या दिवशी त्याच मैदानात दूरचित्रवाणीसाठी समालोचन करत होता, आणि त्याचा पंधरा गोलांचा विक्रम त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच देशाविरुद्ध मोडला. नशिबाचा खेळ म्हणायचा तर हा.

हेडरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे मला एक जुनं ओझं उतरवायचंय.

२००२च्या विश्वचषकात क्लोझेने पाच गोल केले, पाचही डोक्याने. पहिल्याच सामन्यात सापोरोला सौदी अरेबियाविरुद्ध तीन, सामना ८-०. लोकांना वाटतं ताडमाड उंच असेल. नाही, जेमतेम सहा फूट, युरोपातल्या स्टॉपरसमोर मध्यमच. मग एवढे हेडर कसे? एक तर उडी. पण उडीच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची. क्रॉस (कडेने डीत मारलेला चेंडू) यायच्या आधी तो स्टॉपरच्या नजरेबाहेर उभा राहायचा, पाठीमागच्या खांद्याकडे. स्टॉपरला एकतर चेंडू बघता येतो, नाहीतर माणूस. दोन्ही एकदम दिसू नयेत अशी ती जागा. मग एक-दोन पावलं फर्स्ट पोस्टकडे (गोलच्या चेंडूजवळच्या खांबाकडे), स्टॉपर सरकला की थांबायचं आणि त्याच्या पाठीमागून सेकंड पोस्टकडे (लांबच्या खांबाकडे) निघायचं. किंवा याच्या उलट. क्रॉस मारणाऱ्याचा पाय मागे जातो त्या वेळी निघायचं, चेंडू सुटल्यावर नाही. एवढंच. पण हे ‘एवढंच’ नव्वद मिनिटांत तीस-चाळीस वेळा करायचं असतं आणि त्यातल्या दोन-तीन वेळाच चेंडू खरोखर येतो. बाकी सगळं पळणं फुकट. कॅमेरा चेंडूबरोबर असल्यामुळे ते घरी बसून दिसतही नाही. घरी दिसतो फक्त ‘आयता’ चेंडू.

आता ओझं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता, तुमच्या मुलाच्याच वयाचा. ड्रिबल नाही, वेग बेताचा, चेंडू फारसा पायाला लागायचाच नाही. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, ‘डीमध्ये देवळातल्या नंदीसारखा उभा असतोस नुसता.’ आणि त्याला उजव्या विंगला, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला, ढकललं, का, तर पळायची सवय लागावी. विंगला त्याचं काहीच झालं नाही. हंगाम संपताना तो यायचा बंद झाला. पुढे एका जुन्या सामन्याची चित्रफीत कुणीतरी दिली, त्यात मी वेगळ्याच खेळाडूला बघायला बसलो होतो. बघता बघता लक्षात आलं की चेंडू जिथे पडतोय तिथे हा पोरगा दर वेळी आधीच पोचलेला आहे, फक्त क्रॉस मारणारा मान वर करून बघत नाहीये. चूक विंगरची होती, शिक्षा मी स्ट्रायकरला दिली. त्यानंतर मी कुणालाही नंदी म्हटलेलं नाही.

कारकिर्दीच्या बाकी गोष्टी भरभर सांगतो, त्या कुठेही सापडतील. पोलंडच्या प्रशिक्षकांनी त्याला विचारलं होतं, त्याने जर्मनी निवडली. मार्च २००१ मध्ये अल्बानियाविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि शेवटच्या काही मिनिटांत हेडर मारून २-१ केला. चार दिवसांनी ग्रीसविरुद्ध पुन्हा गोल. तेव्हाचा प्रशिक्षक रुडी फ्योलर स्वतः स्ट्रायकर, त्याला काय दिसलं असेल ते मला कळतं. २००४ मध्ये वेर्डर ब्रेमेन, तिथे २००५-०६च्या हंगामात बुंडेसलीगात २५ गोल, सर्वाधिक. २००६चा विश्वचषक घरच्याच मैदानांवर. सलामीचा सामना म्युनिकला नेमका त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, त्यात कोस्टारिकाविरुद्ध दोन गोल, आणि शेवटी पाच गोलांसह स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा. २००७ मध्ये बायर्न म्युनिक. २०११ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, रोमचा लाझिओ. चार विश्वचषक, चारही वेळा पदक: २००२ रौप्य, २००६ आणि २०१० कांस्य, २०१४ सुवर्ण. देशासाठी १३७ सामने, ७१ गोल, त्यात जून २०१४ मध्ये आर्मेनियाविरुद्ध गेर्ड म्युलरचा ६८ गोलांचा जर्मन विक्रम मागे टाकला. (म्युलरला ते ६८ करायला ६२ सामने पुरले होते, हेही लिहून ठेवतो.) आणि ज्या सामन्यात क्लोझेने गोल केला असा एकही सामना जर्मनी हरली नाही.

यातला बायर्नचा काळ मुलाला नीट सांगा, कारण निवड चाचणीतून परत आलेल्या पोराच्या तो उपयोगाचा आहे. २००९-१०च्या हंगामात क्लोझेने बायर्नसाठी बुंडेसलीगात किती गोल केले असतील? तीन. पूर्ण हंगामात तीन. बराच काळ बाकावर. विश्वचषकाला त्याला नेऊ नये, नेलं तरी खेळवू नये असं बोललं जात होतं. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक योआखिम लोव्हने नेलं आणि पहिल्याच सामन्यात उतरवलं, ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेडर. दुसऱ्या सामन्यात सर्बियाविरुद्ध दोन पिवळी कार्डं खाऊन पूर्वार्धातच बाहेर, म्हणजे टीकाकारांना पुन्हा आयतं कोलीत. मग इंग्लंडविरुद्ध तो कुरूप गोल, आणि केपटाउनला अर्जेंटिनाविरुद्ध दोन, तो त्याचा देशासाठीचा शंभरावा सामना. स्पर्धेत चार गोल. तोच माणूस, तेच पाय, वर्षही तेच. बायर्नमध्ये त्याच्याकडून जे काम हवं होतं ते त्याचं नव्हतं, लोव्हच्या संघात जे हवं होतं ते होतं: भोवती म्युलर, ओझिल, पोडोल्स्की पळणारे आणि मधे हा जागा करणारा. निवड चाचणीत वीस मिनिटांच्या सामन्यात अनोळखी विंगर क्रॉसच मारत नसतील, तर डीतला स्ट्रायकर नापासच होणार. म्हणून त्याच्यात खोट नाही असं मी म्हणत नाही, मी त्याला पाहिलेलं नाही. पण वीस मिनिटांवरून तुम्हीही त्याच्याबद्दल काही ठरवू नका.

त्याच्या प्रामाणिकपणाच्या दोन गोष्टी सगळे सांगतात, मीही एका श्वासात सांगतो: २००५ मध्ये ब्रेमेनकडून खेळताना पंचांनी दिलेली पेनल्टी ‘मला पाडलेलं नाही’ म्हणून नाकारली, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये नेपोलीविरुद्ध गोल हाताने झालाय हे स्वतः पंचांना सांगून रद्द करवला. नेपोली तो सामना ३-० जिंकली. आमच्याकडे असं कुणी केलं तर सामना संपल्यावर पेठेत तोंड दाखवणं कठीण, हे माहीत असूनही मी पोरांना ही गोष्ट सांगतो.

लाझिओतली पाच वर्षं मला सगळ्यात आवडतात. इटलीतले स्टॉपर म्हणजे जगातले सर्वांत खट, आणि हा तिशी ओलांडून तिथे गेला. पहिल्याच हंगामात त्याच शहरातल्या रोमा क्लबाविरुद्धच्या डर्बीत ९३व्या मिनिटाला विजयी गोल. मे २०१३ मध्ये बोलोन्याविरुद्ध एकाच सामन्यात पाच, वय चौतीस. वेग उरला नव्हता. पण तो वेगावर कधी उभाच नव्हता, त्यामुळे वेग गेल्याचं नुकसान कमी झालं. पायात पळणारे स्ट्रायकर तिशीनंतर ओसरतात, डोक्यात पळणारे थोडे जास्त टिकतात.

१३ जुलै २०१४ला माराकानावरच्या अंतिम सामन्यात ८८व्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावलं. त्याच्या जागी आलेल्या ग्योट्झेने ११३व्या मिनिटाला विजयी गोल केला. महिन्याभरात त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं, नोव्हेंबर २०१६ मध्ये खेळणंच. पुढे प्रशिक्षक झाला: जर्मनीच्या राष्ट्रीय संघाबरोबर, बायर्नच्या सतरा वर्षांखालच्या पोरांबरोबर, मग ऑस्ट्रियात आल्टाख (तिथून काढलं), २०२४ मध्ये न्यूर्नबर्ग. प्रशिक्षक म्हणून खेळाडूइतका मोठा होईल का? मोठे स्ट्रायकर मोठे प्रशिक्षक झाल्याची उदाहरणं मला फार आठवत नाहीत. जे आपल्याला न सांगता कळत होतं ते दुसऱ्याला शब्दांत सांगावं लागतं, तिथे गाडी अडते.

तुमच्या मुलाने आता काय करावं, ते शेवटी.

पहिलं, अकादमीच्या मागे धावणं सहा महिने थांबवा आणि त्याला मोठ्यांच्या सामन्यांत खेळता येईल असा क्लब शोधा. सातारा, पुणे, कोल्हापूर, जिथे लीग चालते तिथे. खालच्या गटातला संघ असला तरी चालेल, नव्हे, तोच बरा, कारण तिथे तो बाकावर बसणार नाही. बारावीचं वर्ष असेल तर परीक्षा आधी. क्लोझेनेही सुतारकामाचं शिक्षण पूर्ण केलं होतं, हा त्याच्या गोष्टीतला भाग तुम्ही जरूर सांगा.

दुसरं, त्याचे सामने मोबाइलवर चित्रित करा. चेंडूच्या मागे मोबाइल फिरवू नका. मुलावरच धरा, पूर्ण पंचेचाळीस मिनिटं. बघायला अतिशय कंटाळवाणं होईल. रात्री दोघांनी मिळून फक्त एवढंच मोजा: क्रॉस येण्याच्या आधी त्याने मान वळवून मागे किती वेळा बघितलं. माझ्या सरावात मी पोराच्या पाठीमागे उभा राहून बोटं वर करतो. चेंडू त्याच्याकडे यायच्या आत त्याने किती बोटं ते ओरडून सांगायचं. नाही सांगितलं तर गोल झाला तरी धरत नाही. सुरुवातीला दहांत दोनदा जमतं. तुम्ही अंगणात हे करू शकता, त्याला प्रशिक्षक लागत नाही.

तिसरं, २१ जून २०१४चा फोर्तालेझाचा घाना सामना शोधून त्याला दाखवा, एकोणसत्तराव्या मिनिटापासून. घाना २-१ पुढे आहे. छत्तीस वर्षांचा क्लोझे मैदानात येतो. दोन मिनिटांत कॉर्नर, क्रूसचा चेंडू, ह्योवेडेसच्या डोक्याला लागून पुढे, आणि सेकंड पोस्टपाशी घसरत येणारा पाय. पंधरावा गोल, २-२. मुलाला सांगा, चेंडूकडे अजिबात बघायचं नाही, कॉर्नर मारायच्या आधीपासून क्लोझेकडेच बघायचं, आणि तो कुठून निघाला ते कागदावर काढून दाखवायचं. तो कागद मला पाठवा.

त्या गोलनंतर त्याने नेहमीची हवेतली कोलांटी मारली आणि ढुंगणावर आपटला. ती मात्र अंगणात करू देऊ नका.